पाहुण्याचे डोळे

‘दुरून डोंगर साजरे’ ह्या म्हणीत एक आश्वासन दडलेले आहे. जवळ जा, म्हणजे दगडधोंडे, काटेकुटे, निसरड्या वाटा हे सगळे आपोआप दिसेल, असे ती सुचवते. परंतु विसाव्या शतकातल्या काही नामांकित प्रवाशांची पुस्तके वाचताना ह्या म्हणीवरचा आपला विश्वास डळमळू लागतो. ही मंडळी डोंगराच्या पायथ्याशी गेली, वर चढली, माथ्यावर बसून जेवली, डोंगराच्या धन्याशी दोनतीन तास गप्पा मारून आली. आणि परत आल्यावर त्यांनी जे लिहिले त्यात डोंगर दुरून दिसत होता तसाच साजरा!

बरे, ही माणसे भोळीभाबडी म्हणावीत तर तसेही नाही. बर्नार्ड शॉने उभी हयात इंग्रजांच्या ढोंगाची टर उडवण्यात घालवली होती. सिडनी आणि बिअट्रिस वेब हे जोडपे आकडे आणि अहवाल ह्यांच्या पलीकडे कशावरही विश्वास न ठेवण्याबद्दल प्रसिद्ध होते. रोमाँ रोलाँला १९१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते, आणि पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत शांततेची बाजू घेऊन स्वकीयांचा रोष पत्करण्याचे धैर्य त्याने दाखवले होते. ‘बिचारे फसले’ असे म्हणून ह्यांची वासलात लावता येत नाही. आपल्या गावात एखाद्या फौजदाराने आवाज चढवला तर वर्तमानपत्रातून रान उठवणारा लेखक परक्या देशातल्या हुकूमशहासमोर एवढा मवाळ का होतो, हा खरा प्रश्न आहे. १९३० च्या आगेमागे स्टालिनच्या रशियाला जाऊन आलेल्यांची साक्ष त्या दृष्टीने तपासण्यासारखी आहे, कारण पुढे क्यूबात आणि व्हेनेझुएलात जे घडले त्याचा कित्ता तिथेच गिरवला गेला होता.

शॉपासूनच सुरुवात करू. जुलै १९३१ मध्ये तो मॉस्कोला गेला. बरोबर लेडी अ‍ॅस्टर होत्या. ब्रिटिश पार्लमेंटात प्रत्यक्ष जाऊन बसलेली पहिली स्त्री म्हणून त्यांचा लौकिक होता. २६ जुलैला शॉला ७५ वर्षे पूर्ण झाली. तो वाढदिवस मॉस्कोत भव्य सभागृहात थाटाने साजरा झाला, आणि तीन दिवसांनी स्टालिनची भेटही झाली. ह्या दौऱ्यातला एक विनोद प्रसिद्ध आहे. रशियात अन्नाची टंचाई आहे ह्या समजुतीने मित्रांनी बरोबर खाण्याचे डबे बांधून दिले होते. ते आपण सरहद्द ओलांडण्याआधीच गाडीच्या खिडकीतून फेकून दिले, असे शॉने रशियन श्रोत्यांना हसत हसत सांगितले. अन्न फेकल्याचे ऐकून श्रोत्यांच्या पोटात कसे कालवले ते तिथे हजर असलेल्या एका अमेरिकन बातमीदाराने लिहून ठेवले आहे. शॉच्या विनोदाची ख्याती अशी की तो नेहमी बलवानाच्या अंगावर जाई. ह्या खेपेला तो भुकेल्याच्या अंगावर गेला, आणि विनोदकाराला ते कळलेसुद्धा नाही.

येथवर फक्त जिभेचा सैलपणा होता. पुढचे प्रकरण गंभीर आहे. १९३२ आणि १९३३ ह्या दोन वर्षांत सोव्हिएत सरकारने शेतकऱ्यांकडून सक्तीने धान्य उचलल्यामुळे भीषण दुष्काळ पडला. एकट्या युक्रेनमध्ये सुमारे ३५ ते ४० लाख माणसे दगावली असा इतिहासकारांचा अंदाज आहे. हे मरण चालू असतानाच, २ मार्च १९३३ रोजी, शॉ आणि आणखी वीस जणांचे एक पत्र ‘मँचेस्टर गार्डियन’मध्ये छापून आले. रशियातल्या हालअपेष्टांच्या बातम्या म्हणजे निव्वळ बदनामी आहे, असा त्याचा मथितार्थ होता. त्याच वृत्तपत्रात त्याच महिन्याच्या शेवटी माल्कम मगरिज ह्या तरुण बातमीदाराचे तीन लेख, नाव न घालता, प्रसिद्ध झाले. युक्रेन आणि उत्तर कॉकेशसमध्ये स्वतः फिरून पाहिलेली उपासमार त्यांत होती. एका पत्रावर जगप्रसिद्ध सही होती आणि दुसऱ्या मजकुरावर नावही नव्हते. लोकांनी कोणावर विश्वास ठेवला असेल हे सांगायला नकोच.

ह्या मगरिजची पत्नी बिअट्रिस वेब ह्यांची सख्खी भाची. म्हणजे दुष्काळाची बातमी घरातल्या जावयानेच आणली होती! पण मावशीबाईंनी जावयाच्या डोळ्यांपेक्षा स्वतः जमवलेल्या कागदपत्रांवर अधिक भरवसा ठेवला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स ह्या संस्थेच्या संस्थापकांत हे जोडपे होते, डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या संस्थेत शिकले तीच ही संस्था. एवढ्या योग्यतेच्या ह्या दोघांनी १९३२ मध्ये, सत्तरी ओलांडलेली असताना, रशियाचा दौरा केला आणि १९३५ मध्ये ‘सोव्हिएत साम्यवाद : एक नवी संस्कृती?’ हा हजारावर पानांचा, दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. ग्रंथ परिश्रमपूर्वक लिहिलेला आहे ह्यात शंका नाही. कोणती समिती कोणाला निवडते, कोणत्या कलमान्वये कोणाला कोणता अधिकार आहे, हे सर्व त्यात तपशीलवार सापडते. परंतु घटनेतली कलमे वाचून राज्य कसे चालले आहे ते ठरवणे म्हणजे लग्नपत्रिका वाचून संसार कसा चालला आहे ते सांगण्यासारखे आहे. १९३७ मध्ये दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा नावातले प्रश्नचिन्ह लेखकद्वयाने काढून टाकले. १९३७ आणि १९३८ ह्या दोन वर्षांत, खुद्द सोव्हिएत दप्तराप्रमाणे, राजकीय आरोपांवरून सुमारे ६ लाख ८० हजार माणसांना गोळ्या घालण्यात आल्या. ज्या वर्षी प्रश्न विचारायला हवे होते, नेमक्या त्याच वर्षी प्रश्नचिन्ह गळाले.

असे का व्हावे? ह्याचे पहिले उत्तर रशियात नसून इंग्लंडातच आहे. १९३३ च्या आरंभी ब्रिटनमध्ये जवळजवळ ३० लाख लोक बेकार होते. अमेरिकेत बँका बुडत होत्या. जर्मनीत हिटलर गादीवर बसला होता. जी व्यवस्था सुधारण्यात शॉ आणि वेब ह्यांनी आयुष्ये खर्ची घातली ती डोळ्यांदेखत कोसळत होती, आणि त्यांचे कोणी ऐकत नव्हते. अशा वेळी ‘पाहा, तिकडे कसे चालले आहे’ असे म्हणायला एक ‘तिकडे’ हवे असते. सासरी गांजलेली मुलगी माहेरच्या गोष्टी सांगते तेव्हा माहेरची विहीरसुद्धा आटत नाही. ह्या मंडळींनी परका देश आपले माहेर करून टाकला. लिऑन फॉइख्टवांगर ह्या जर्मन ज्यू कादंबरीकाराचे तर खरेखुरे घर हिटलरने हिरावून घेतले होते, नागरिकत्वही काढून घेतले होते. हिटलरच्या विरोधात उभी असलेली एकच बळकट भिंत त्याला दिसत होती. त्या भिंतीत कोणाला चिणले आहे हे पाहण्याची त्याची तयारी नव्हती. जानेवारी १९३७ मध्ये तो मॉस्कोतल्या खटल्यात प्रेक्षक म्हणून बसला आणि आरोपींचे कबुलीजबाब त्याने खरे मानले. त्याचा राग खोटा होता असे कोण म्हणेल? पण स्वतःच्या घरावरचा खरा राग हा दुसऱ्याच्या घराबद्दलचा पुरावा होत नाही.

दुसरे उत्तर अधिक नाजूक आहे. लेखक-कलावंत हा मानाचा भुकेला प्राणी. लोकशाही देशात त्याला वाचक मिळतात, पैसाही मिळतो. परंतु पंतप्रधान त्याच्यासाठी तीन तास काढत नाही. एच. जी. वेल्सला १९३४ मध्ये स्टालिनने जवळजवळ तेवढा वेळ दिला, आणि ह्या माणसाहून अधिक सरळ आणि प्रामाणिक माणूस आपल्याला भेटला नाही असा अभिप्राय वेल्सने आत्मचरित्रात नोंदवला. परदेशी विद्वानांची आणि कलावंतांची सरबराई करण्यासाठी ‘व्होक्स’ नावाची स्वतंत्र संस्थाच १९२५ मध्ये तिथे उघडण्यात आली होती. दुभाषी, गाडी, नाटकाची तिकिटे, पुस्तकांची भाषांतरे, मानधन, सगळे यथासांग. कवीला गोळी घालणारे राज्य आणि कवीसाठी खास डबा जोडणारे राज्य एकच असू शकते. दोन्ही कृत्यांत कवीला महत्त्व दिलेले असते. ह्या ‘व्होक्स’च्या पहिल्या प्रमुख ओल्गा कामेनेवा, ट्रॉट्स्कीची बहीण. हजारो पाहुण्यांचे आगतस्वागत केलेल्या ह्या बाईंना १९४१ मध्ये गोळ्या घालून मारण्यात आले. त्यांचा चहा घेतलेल्यांपैकी कितीजणांना त्यांची आठवण झाली असेल?

पाहुणा झाला म्हणजे आंधळाच व्हावे लागते, असा मात्र नियम नाही. आपले रवींद्रनाथ सप्टेंबर १९३० मध्ये मॉस्कोला गेले होते. तिथल्या शाळा आणि शेतकऱ्यांच्या मुलांचे शिक्षण पाहून ते हरखून गेले. इंग्रजी अंमलाखालच्या अक्षरशून्य हिंदुस्थानची सल त्यांच्या पत्रांत पानोपानी आहे. म्हणजे घरची तक्रार त्यांच्याजवळही होती. परंतु माणसे एका साच्यात ओतण्याचा प्रकार टिकणार नाही, हेही त्यांनी त्याच पत्रांत लिहिले. आणि निघण्यापूर्वी ‘इझ्वेस्तिया’ ह्या सरकारी पत्राला मुलाखत देताना, विरोधकांविषयी द्वेष शिकवण्याबद्दल आणि मतस्वातंत्र्य दडपण्याबद्दल त्यांनी यजमानांना तोंडावर ऐकवले. ती मुलाखत त्या पत्राने छापली ती १९८८ मध्ये! यजमानाच्या ओसरीवर बसून त्याचे गुण गावेत आणि दोष त्याच्या कानावर घालावेत, ही रीत रवींद्रनाथांनी पाळली. प्रशंसेला किंमत येते ती अशाने.

आता दोन फ्रेंच लेखकांची साक्ष शेजारी शेजारी ठेवून पाहू. एक रोमाँ रोलाँ. गांधीजी, रामकृष्ण आणि विवेकानंद ह्यांची चरित्रे लिहिणारा म्हणून तो आपल्याकडे घरोघरी परिचित झाला. १९३५ च्या जून-जुलैत तो मॉस्कोला गेला आणि मॅक्सिम गॉर्कीचा पाहुणा म्हणून राहिला. स्टालिनच्या भेटीत त्याने अवघड प्रश्नही विचारले. बारा वर्षांपासूनच्या मुलांना देहान्त शिक्षा देता येईल असा कायदा नुकताच झाला होता. त्याबद्दल त्याने विचारले आणि हा केवळ धाक आहे असे उत्तर मिळाले. मुलाखत छापण्याची परवानगी त्याने मागितली. ती आली नाही. त्याने रोजनिशी लिहिली होती, तीत शंका आणि खटकलेल्या गोष्टी नमूद होत्या. आणि त्या रोजनिशीवर त्याने लिहून ठेवले की १ ऑक्टोबर १९३५ पासून ५० वर्षे ही प्रसिद्ध करू नये.

दुसरा आंद्रे जीद. तोही सोव्हिएतांचा कैवारी म्हणून जून १९३६ मध्ये गेला. गॉर्की नुकताच वारला होता. लाल चौकात त्याच्या अंत्यविधीच्या प्रसंगी जीदचे भाषण झाले. सत्कारात काही कमी नव्हते. पण त्याच्या सोबत्यांत रशियन भाषा जाणणारे होते, त्यामुळे दुभाष्याच्या कुंपणापलीकडचे त्याला थोडेफार ऐकू आले. स्टालिनच्या जन्मगावी, गोरीला, त्याने स्टालिनला आभाराची तार करायचे ठरवले. तारेत त्याने ‘तुम्हांला’ असा साधा शब्द घातला होता. नुसते ‘तुम्हांला’ चालणार नाही, पुढे एखादी थोर पदवी जोडा, असा आग्रह तारेच्या कचेरीत धरण्यात आला. एवढासा प्रसंग, परंतु वेब पती-पत्नीच्या हजार पानांत जे नाही ते ह्या एका पानात आहे. नोव्हेंबर १९३६ मध्ये ‘सोव्हिएत रशियाहून परत’ हे छोटेखानी पुस्तक जीदने प्रसिद्ध केले आणि कालचे मित्र त्याच्यावर तुटून पडले. त्यांत रोलाँही होता.

येथे वाचकांपैकी कोणी म्हणेल, की रोलाँ ढोंगी आणि जीद शूर, हिशोब मिटला. पण तो इतका सहज मिटत नाही. व्हिक्टर सर्ज हा लेखक त्या वेळी रशियात हद्दपारीत खितपत होता. १९३६ मध्ये त्याची सुटका होऊन तो देशाबाहेर पडला, आणि त्या सुटकेमागे रोलाँने टाकलेल्या शब्दाचे वजन होते. दरवाजा उघडा ठेवला म्हणून एक माणूस बाहेर आला. जीदच्या पुस्तकाने दरवाजा बंद झाला, पण आत काय आहे ते जगाला कळले. ह्यातले थोर काय? गप्प बसण्याला असे कारण असू शकते, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु गप्प बसणे निराळे आणि बोलणाऱ्याला खोटे पाडायला पुढे होणे निराळे. स्वतःची रोजनिशी कुलपात ठेवून दुसऱ्याच्या पुस्तकावर तुटून पडणे ह्याचे समर्थन सर्जच्या सुटकेनेही होत नाही.

हाच पेच पॉल रॉब्सनच्या आयुष्यात काळीज पिळवटणाऱ्या रूपात समोर येतो. हा निग्रो गायक गुलामगिरीतून पळून सुटलेल्या बापाचा मुलगा. कायद्याची पदवी घेऊनही काळ्या कातडीमुळे वकिली सोडावी लागलेला. १९३४ मध्ये तो प्रथम मॉस्कोला गेला तेव्हा रस्त्यात त्याला कोणी हिणवले नाही. आपण पुरा माणूस आहोत असे तिथे प्रथम वाटले, असे तो सांगे. मुलाला त्याने काही काळ मॉस्कोच्या शाळेत घातले. त्याच्या कृतज्ञतेला नावे ठेवण्याचा अधिकार निदान ज्यांना कधी हॉटेलाच्या दारातून परत पाठवण्यात आलेले नाही त्यांना नाही. स्टालिनग्राडचा पोवाडा रचणारे आपले अण्णा भाऊ साठे १९६१ मध्ये रशियाला जाऊन आले आणि त्यांनी ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिला. ज्याला घरी माणुसकी नाकारली गेली त्याने दूरच्या दिव्याकडे पाहावे, ह्यात नवल कसले?

परंतु १९४९ मध्ये रॉब्सन पुन्हा मॉस्कोला गेला तेव्हा त्याचा एक जुना मित्र दिसेना. इत्झिक फेफर, यिडिश भाषेचा कवी. रॉब्सनने भेटीचा हट्ट धरला, म्हणून फेफरला तुरुंगातून काढून, चांगले कपडे चढवून, त्याच्या हॉटेलात आणण्यात आले. खोलीत चोरून ऐकण्याची यंत्रे होती. तोंडाने इकडच्या तिकडच्या गप्पा चालू ठेवून फेफरने हातवाऱ्यांनी आणि चिठ्ठीवर लिहून खरा प्रकार सांगितला : दोघांचा स्नेही, विख्यात नट मिखोएल्स, ह्याचा खून झाला आहे, आणि स्वतःच्या गळ्यावरून त्याने बोट फिरवले. ही हकीकत पुढे रॉब्सनच्या मुलाने सांगितली आहे. १४ जूनच्या जलशात रॉब्सनने व्यासपीठावरून मिखोएल्स आणि फेफर ह्या दोघांची नावे आदराने घेतली आणि यिडिशमधले प्रतिकाराचे गाणे म्हटले. मॉस्कोच्या मध्यभागी हे करायला छाती लागते. आणि तोच रॉब्सन अमेरिकेत परतल्यावर म्हणाला, की ज्यूंच्या छळाचे आपल्या कानावर काही आले नाही. घरच्या शत्रूंच्या हाती कोलीत देऊ नये, हा त्याचा विचार. १२ ऑगस्ट १९५२ रोजी फेफरला गोळी घालण्यात आली. रॉब्सन बोलला असता तर तो वाचला असता, असे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण तो गप्प राहिला म्हणूनही फेफर वाचला नाही.

पुढचा इतिहास वेगाने सांगता येईल, कारण नाटक तेच आहे, रंगभूमी बदलते. १९६० मध्ये सार्त्र आणि सिमोन द बोव्हार हवानाला गेले आणि फिडेल कास्त्रोवर लुब्ध झाले. १९७१ मध्ये एबेर्तो पादिया ह्या कवीला अटक झाली आणि लेखकांच्या सभेत त्याला स्वतःचे, पत्नीचे आणि मित्रांचे ‘अपराध’ जाहीरपणे सांगावे लागले, तेव्हा सार्त्रचे डोळे उघडले. त्याने निषेधाच्या पत्रावर सही केली. गाब्रिएल गार्सिया मार्केस मात्र शेवटपर्यंत कास्त्रोचा मित्र राहिला. मौज अशी, की लॅटिन अमेरिकेतल्या हुकूमशहांचे सडलेले एकाकीपण ज्यात जिवंत झाले आहे ती ‘कुलपतीचा शरद’ ही कादंबरी १९७५ मध्ये लिहिणारा लेखक हाच! कल्पनेतल्या हुकूमशहाला आरपार पाहणारी नजर जेवणाच्या टेबलापलीकडच्या मित्रावर मात्र ठरत नव्हती. २००३ मध्ये क्यूबात तिघांना देहान्त शिक्षा झाली आणि ७५ विरोधक तुरुंगात गेले, तेव्हा सूझन सॉन्टॅगने त्याच्या मौनाला जाहीर आव्हान दिले. आपण गाजावाजा न करता कितीतरी कैद्यांना सोडवले, असे त्याचे उत्तर होते. पुन्हा रोलाँचाच पेच!

फुटबॉलपटू मॅराडोनाचे प्रकरण त्या मानाने सरळ आहे. २००० मध्ये व्यसनाने जर्जर झालेल्या ह्या खेळाडूला क्यूबाने उपचारासाठी ठेवून घेतले. त्याने कास्त्रोचा चेहरा पायावर गोंदवून घेतला. खाल्ल्या मिठाला जागणारा माणूस. त्याच्या प्रेमाला राज्यशास्त्र म्हणण्याचे कारण नाही. शॉन पेन ह्या नटाने इराकच्या युद्धावरून आपल्या सरकारवर तोफ डागली, ते ठीकच. पण तेथून तो व्हेनेझुएलाच्या ह्यूगो चावेसचा चाहता झाला. चावेस २०१३ मध्ये वारला. त्याने घडवलेल्या राजवटीतून पुढे ७० लाखांहून अधिक माणसे देश सोडून गेली. देश सोडणारा माणूस कधी कुणा नटाच्या छायाचित्रात दिसत नाही.

अशा प्रवासवर्णनांची आणि प्रशस्तिपत्रांची पारख कशी करावी? मला वाटते, पुस्तक हाती घेतल्यावर एकच गोष्ट शोधावी : कार्यक्रमपत्रिकेत नसलेला एक तरी माणूस ह्यात भेटतो का? जीदच्या पुस्तकात तारेच्या कचेरीतला माणूस भेटतो. वेब पती-पत्नीच्या ग्रंथात समित्या भेटतात, शॉच्या भाषणात शॉच भेटतो. जो परदेशात जाऊनही घरच्यांशीच भांडत असतो त्याला तिथली माणसे दिसत नाहीत. ती त्याच्या वादातली उदाहरणे होऊन बसतात. त्याचा वाद योग्य असेल, त्याचा घरचा प्रतिपक्षी खरोखरच दुष्ट असेल, तरीही.

पाहुणा चार दिवसांनी निघून जातो, घरची माणसे तिथेच राहतात. त्याने दिलेले प्रशस्तिपत्र यजमान चौकट करून दिवाणखान्यात लावतो, आणि आतल्या खोलीतून कोणाचा आवाज आला तर त्या चौकटीकडे बोट दाखवतो. म्हणून थोरामोठ्यांनी सही करताना दिवाणखान्याबरोबर आतल्या खोलीचाही विचार करावा. आणि आपण वाचकांनी सहीचे वजन पाहण्याआधी तिच्यावरचा मजकूर तपासावा.